जीपवरची पांढरी अक्षरं

लीलाबाईंना इंग्रजी वाचता येत होतं, तेच त्या दिवशी नडलं.

वडूजच्या मुलींच्या शाळेत तेव्हा नऊ शिक्षिका होत्या आणि न अडखळता इंग्रजी वाचणारी त्यांच्यात एकच. गावात कोणाकडे तार आली की ती घेऊन माणसं लीलाबाईंच्या दारात उभी राहायची. तार म्हटली की त्या काळी बहुधा कोणीतरी गेलेलंच असायचं. त्यामुळे गावातल्या निम्म्या मरणांची बातमी लीलाबाईंच्या तोंडून बाहेर पडलेली होती. सकाळी सकाळी त्या कोणाच्या घराकडे वळल्या की त्या घरातल्या बाया आधी पदर तोंडाला लावत. मागाहून कळे की बाई नुसत्या विरजण मागायला आल्यात. विद्या माणसाला मान देते, शेजार देत नाही.

पंच्याहत्तर सालच्या वैशाखात त्यांच्या नणंदेच्या, रंगूबाईच्या, मुलीचं लग्न निघालं. लग्न कवलापूरला, तासगावच्या पुढं नि सांगलीच्या अलीकडं. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, आणि तिच्या अंगावरची पिवळी साडी यायची तीही मामाकडूनच. हा मामा म्हणजे लीलाबाईंचे यजमान नाथाजी, पंचायत समितीतले हेडक्लार्क. सारा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणायचा.

एरवी यात विशेष काही नव्हतं. पण भावाबहिणीचं जाणं-येणं सहा वर्षं बंद होतं. रंगूबाईच्या धाकट्याच्या जावळाच्या जेवणातून नाथाजी दुसऱ्याच घासाला पानावरून उठले होते आणि कोणाशी न बोलता घरी परतले होते. खरं कारण दाढ. लापशीत गुळाचा खडा आला आणि दाढेतून कळ थेट मस्तकात गेली. पण चारचौघांत गालाला हात लावून 'दाढ दुखते' म्हणणं हेडक्लार्कच्या इभ्रतीत बसत नव्हतं, म्हणून ते नुसतेच उठले. मागे राहिलेल्यांनी कारण शोधलं, आणि अशा वेळी कारण शोधायला कोणी लांब जात नाही. भावजय समोरच्या पंगतीत बसलेली होतीच. तिनंच डोळ्यांनी काहीतरी खूण केली, असं ठरलं. पुढे वर्षभरात ती दाढ पडून गेली, ठपका मात्र मुळासकट राहिला. लीलाबाईंनी एकदोनदा खुलासा करायचा प्रयत्न केला, पण 'माझ्या नवऱ्याची दाढ दुखत होती' हे वाक्य भावजयीच्या तोंडी कोणालाच खरं वाटत नाही.

आणि आता रंगूबाईचं पत्र आलं होतं. शेजारच्या पोरीकडून लिहवून घेतलेलं. 'दादा, मामाशिवाय शालूला बोहल्यावर चढवणार नाही. वैनींना सांगावे, या वेळी तरी.' तेवढ्यावरच वाक्य संपलेलं. लीलाबाईंनी ते 'या वेळी तरी' चार वेळा वाचलं आणि त्याच आठवड्यात साताऱ्याला जाऊन पिवळी साडी आणली. दुकानदारानं अर्धं दुकान खाली काढलं. आहेरासाठी पितळेचा मोठा हंडा घेतला, तो वाजवून, उलटा करून, उन्हात धरून घेतला. या वेळी कोणाला बोट ठेवायला जागा म्हणून ठेवायची नाही, असा त्यांचा निश्चय होता.

जायचं ठरलं होतं एस्टीनं. ते शेजारच्या चंद्राबाईंना रुचलं नाही.

"आवं बाई, लगीनसराईत यष्टी? मागल्या म्हयन्यात माझी जाऊ मायणीपतोर एका पायावर उभी ऱ्हायली. दुसरा पाय टेकायला जागाच घावली न्हाई. आन तुमी हंडा घिऊन जानार! त्यापरीस आकारामला सांगा की. त्याची जीप नुसती दारात उभी हाय."

आकाराम सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झालेला. सैन्याच्या लिलावातली एक जुनी जीप त्यानं घेतली होती. तिचं मूळचं इंजिन वर्षभरात वारलं, तेव्हा त्यानं मिरजेहून डिझेलचं इंजिन बसवून आणलं. जीपला दरवर्षी दिवाळीत निळा रंग द्यायचा, पण टाकीच्या तोंडावर सैन्यानं पांढऱ्या रंगात छापलेली इंग्रजी अक्षरं होती, त्यांना तो ब्रश लागू द्यायचा नाही. त्यांच्यावर फडकं बांधायचा आणि मग भोवतीनं रंगवायचा. कोणी काही म्हटलं की सांगायचा, "सरकारनं लिव्हलंय ते. त्याच्यावर ब्रश फिरवायचा म्हंजे कोर्टमार्शल." इंजिन बदललं तरी अक्षरं तशीच. ती वाचणार कोण होतं? आकारामला स्वतःला वाचता येत नव्हती; त्याला ती देवाच्या टाकासारखी वाटायची.

जीपनं जायचं ठरलं. सहाला निघायचं होतं ते पावणेआठला निघालं, कारण आकारामनं आधी जीप धुतली, मग पुसली, मग चाकांखाली लिंबं ठेवली, आणि जीपच्या नाकाला हार घातल्यावर त्याच्या लक्षात आलं की स्वतःची दाढी राहिलीय. नाथाजी ओट्यावर कोट घालून बसले होते. घड्याळ बघत होते पण बोलत नव्हते. रागावले की ते बोलत नसत, खूश असले तरी बोलत नसत. त्यामुळे घरात कोणता प्रसंग आहे हे लीलाबाईंना त्यांच्या भुवयांवरून ओळखावं लागे.

वाटेत मायणीला आकाराम म्हणाला, "भाऊसाहेब, बारा पस्तीस न्हवं? मी अकराला मांडवात उभं करतो. मोर्च्यावर कवा उशीर केला न्हाई, लग्नाला करीन व्हय?" आणि खरंच, सव्वानऊला विटा आलं. लीलाबाईंनी साडीचं पुडकं मांडीवर घट्ट धरलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटत होतं. इतकं की, त्यांनी नाथाजींना विचारलं, "वन्सं आधी रडतील का आधी रागावतील?" नाथाजींची डावी भुवई जराशी वर गेली. म्हणजे ते हसले होते.

विट्याच्या पंपावर जीप थांबली. पंप हातानं फिरवायचा, एक डिझेलचा, एक पेट्रोलचा. रस्त्यापलीकडच्या हाटेलात आकारामला पलटणीतला जुना जोडीदार दिसला आणि तो उडी मारूनच गेला. जाता जाता ओरडला, "बाई, ईस लिटर घालायला सांगा, ह्यो आलोच!" नाथाजी नवरदेवासाठी हार बघायला कोपऱ्यावर गेले. जीपमध्ये राहिल्या लीलाबाई, साडी आणि हंडा.

पंपावरचा म्हातारा पटक्याचं टोक झटकत आला. "काय घालू, बाई?"

एखाद्या साध्या बाईनं म्हटलं असतं, 'मला काय कळतंय, गाडीवाला येऊ दे.' जगातल्या साध्या बाया अशा प्रसंगातून सुखरूप सुटतात. लीलाबाई खाली उतरल्या, जीपला वळसा घालून टाकीपाशी गेल्या, पदर सावरून वाकल्या आणि वर्गात फळ्यावरचं वाचावं तसं मोठ्यानं वाचलं, "पेट्रोल ओन्ली. ओन्ली म्हणजे फक्त. फक्त पेट्रोल घाला."

"नक्की न्हवं? ड्रायवर येऊ द्या की."

"बाबा, इथं लिहिलंय. मला वाचता येतं."

"मग काय तर," म्हातारा म्हणाला, "आमाला कुठं येतंय." आणि त्यानं पेट्रोलच्या पंपाचा दांडा फिरवला. वीस लिटर.

लीलाबाई परत जागेवर बसल्या. आपण एक काम नीट पार पाडलं असं त्यांना वाटत होतं, हे पुढे आठवलं की त्यांना फार लागायचं.

जीप निघाली ती बरी निघाली. टाकीच्या तळाशी जुनं डिझेल होतं, नळीत होतं, त्यावर चार-पाच मैल गेली. मग तिला खोकला लागला. आकाराम म्हणाला, "घाट चढल्यागत करतीया." रस्ता सपाट होता. खोकल्याची ढास झाली, इंजिनात कोणीतरी आतून हातोडी मारतंय असा आवाज झाला, आणि दोन्हीकडं ऊस आणि मधे एक बाभळ अशा जागी जीप थांबली ती थांबलीच. दहा वाजले होते.

आकारामनं बॉनेट उघडलं. डिझेलच्या गाडीला नळीत हवा शिरायची खोड असते, ती हवा काढायला त्याला येत होती. त्यानं ती काढली. परत काढली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा उसातून तात्याबा नावाचा शेतकरी फावडं खांद्यावर टाकून आला. त्याच्या विहिरीवरचं इंजिन मागं धाडधाड चाललं होतं.

"काय झालं?"

"हवा धरलीया."

"हवा न्हाई, ताप धरलाय," तात्याबा जीपला हात लावून म्हणाला. "पानी वता."

पाणी ओतलं. रस्त्यानं जाणारे दोघंतिघं थांबले. एक म्हणाला, ढकला. ढकलली. नाथाजींनी कोट काढून त्याची व्यवस्थित घडी घातली, तो हंड्यावर ठेवला आणि तेही ढकलायला लागले. जीप पंचवीस पावलं गेली आणि तिथंही बंदच राहिली. दुसरा म्हणाला, "चाकाखाली लिंबू नव्हतं का ठेवलं?" आकाराम म्हणाला, ठेवलं होतं. "किती?" "चार." "चार चाकाला चार. पर पाचवं?" त्यानं मागं टांगलेल्या जादा चाकाकडं बोट दाखवलं. सगळे गंभीर झाले. त्या चाकाचा विचार खरोखरच कोणी केला नव्हता.

शेवटी तात्याबानं एका सायकलवाल्याबरोबर चांदसाहेब मिस्त्रीला सांगावा धाडला. मिस्त्री आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं काही विचारलं नाही. टाकीचं झाकण काढून एक काडी आत बुडवली, बाहेर काढून नाकाजवळ नेली, आणि मयताच्या घरी बोलावं तसं म्हणाला, "पेट्रोल हाय."

तात्याबानं ती काडी घेऊन स्वतः हुंगली. 

"डिझेलच्या गाडीत पेट्रोल!" आकाराम एकदम पेटला. "त्या म्हाताऱ्यानं! पंपवाल्यानं! घात केला माझ्या गाडीचा!"

इथं लीलाबाईंनी बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण नाथाजी त्यांच्याकडे बघत नव्हते, कोणीच बघत नव्हतं, सगळे पंपवाल्याला शिव्या देत होते. आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचा दोष दुसऱ्या कोणावर चालला होता. तो त्यांनी जरा वेळ जाऊ दिला. जरा वेळच. मनातल्या मनात त्या म्हणत होत्या, आता गाडी चालू झाली की सांगेन.

पण तेवढ्यात विट्याकडून एक पोलीस हवालदार सायकलवरून आला. आकारामनं त्याला रस्त्यातच सलाम ठोकला आणि फिर्याद सांगितली. हवालदार आनंदला. उन्हाळ्याचे दिवस, गुन्हे थोडे. त्यानं सायकल बाभळीला टेकवली, पिशवीतून कागद काढले आणि म्हणाला, "पंचनामा करावा लागंल. गाडीला कुनी हात लावायचा न्हाई."

"साहेब, टाकी रिकामी करतो, तेवढ्यात चालू हुईल," चांदसाहेब म्हणाला.

"टाकी रिकामी करा, पर पेट्रोल सांडायचं न्हाई. त्यो मुद्देमाल हाय."

वीस-बावीस लिटर मुद्देमाल धरायचा कशात? सगळ्यांची नजर एकदमच हंड्यावर गेली. लीलाबाई "अहो, तो आहेराचा—" म्हणेपर्यंत नाथाजींनी वरचा कोट उचलला होता. पिवळ्याधमक नव्या हंड्यात टाकी रिकामी झाली. हवालदारानं हंड्याभोवती सुतळी बांधली. आता हंडाही मुद्देमाल झाला.

पंचनामा सुरू झाला, आणि लीलाबाईंचं खरं दुर्दैव इथं सुरू झालं. कारण हवालदार लिहायला लागला आणि नाथाजी वाचायला लागले.

सत्तावीस वर्षं कागद तपासलेला माणूस. दुसऱ्याच्या हातातला चुकीचा कागद त्यांना दाढेतल्या खड्यासारखा सलायचा. हवालदारानं लिहिलं, 'सदर जीप बाभळीजवळ उभी होती.' नाथाजी म्हणाले, "उभी नव्हती, बंद पडलेली होती. उभी म्हटलं की चालकाच्या इच्छेनं उभी." हवालदारानं खोडलं. "असं खोडायचं नाही. खाडाखोड झाली की शेजारी सही लागते." हवालदारानं नवा कागद घेतला. "बाभळ रस्त्याच्या कुठल्या अंगाला ते लिहा." लिहिलं. "दिशा?" पूर्व कुठली यावर तात्याबाचं आणि हवालदाराचं जुंपलं.

"माज्या रानात मला पूर्व शिकिवता?"

"आवं सूर्व्या बघा की!"

"सूर्व्या डोक्यावर हाय! डोक्याला काय पूर्व लिवतूस?"

साडेअकराला एस्टी आली. लीलाबाई रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर करून. एस्टी थांबली. कंडक्टर म्हणाला, "दोन जागा हैत, चला लवकर." लीलाबाईंनी नाथाजींची बाही ओढली, "अहो, चला, हंडा राहू दे, साडी घेतलीय, चला!" नाथाजी एक पाऊल पुढे आले. हवालदार म्हणाला, "भाऊसाहेब, पंच म्हनून तुमची सही ऱ्हायली." नाथाजी थांबले. त्यांनी एस्टीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. अर्धा लिहिलेला, बिनसहीचा कागद उघड्यावर टाकून जाणं हे त्यांच्यानं झालं नाही. "दोन मिनिटं," ते कंडक्टरला म्हणाले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

एस्टीनं उडवलेली धूळ खाली बसायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ नवराबायको एकमेकांकडे न बघता उभे होते.

मग जबाब. आकारामचा झाला, चांदसाहेबाचा झाला, तात्याबाचा झाला. त्यानं तर आपल्या विहिरीचाही इतिहास घातला. लीलाबाई मधे म्हणाल्या, "हवालदार, मला सांगायचंय—"

"बायामान्सांचा जबाब शेवटाला," हवालदार म्हणाला.

शेवट आला. हवालदारानं पेन्सिलीला थुंकी लावली. "बोला बाई. पेट्रोल घालताना तुमी गाडीत हुता?"

"मीच घालायला सांगितलं," लीलाबाई म्हणाल्या. "टाकीवर लिहिलंय. मी वाचलं आणि सांगितलं. त्या म्हाताऱ्यानं मला दोनदा विचारलं होतं."

आकाराम उठून टाकीपाशी गेला. त्या पांढऱ्या अक्षरांकडे त्यानं असं पाहिलं, जणू घरातल्याच माणसानं दगा दिलाय. "हे असं लिव्हलंय व्हय?" तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, पलटनीचं नाव हाय."

"मग आता फिर्यादच उरली न्हाई," हवालदार हिरमुसून म्हणाला. "पर पंचनामा उरला की. ह्याचं काय करू?"

 नाथाजींनी खिशातून घड्याळ काढलं. बारा चाळीस. त्यांनी ते परत खिशात ठेवलं, टोपी काढली, आतला घाम पुसला आणि टोपी परत घातली. भुवया जागच्या जागी होत्या. लीलाबाईंना त्या वाचता आल्या नाहीत.

तात्याबा भला माणूस. त्यानं विहिरीवरचं इंजिन बंद केलं, उसाचं पाणी तोडलं आणि पत्र्याच्या डब्यातून डिझेल आणून ओतलं. चांदसाहेबानं नळ्या धुतल्या, हवा काढली. जीपनं काळ्या धुराचा मोठा लोट सोडला आणि सुरू झाली. सुतळी सोडून हंडा मोकळा झाला. हवालदारानं पेट्रोल नको नको म्हणत एका डब्यात ओतून घेतलं आणि डबा सायकलला बांधला. हंडा मातीनं घासला, पानानं पुसला, तरी जीपमध्ये बसल्यावर तोच वास. मग तो साडीच्या पुडक्यालाही लागला. पुढचे पंचवीस मैल लीलाबाई पुडकं जीपच्या बाहेर, वाऱ्यावर धरून बसल्या. हात भरून आला तरी आत घेतलं नाही.

सव्वादोनला ते मांडवात उतरले. अक्षता पडून गेल्या होत्या. मांडवाच्या तोंडाशी तांदूळ पायाखाली येत होते आणि वाजंत्री जेवायला बसले होते. शालू आईच्याच लग्नातल्या, विटक्या पिवळ्या साडीत बसलेली. आणि मामा म्हणून तिला हाताला धरून बोहल्यावर आणलं होतं कृष्णातनं. कृष्णात म्हणजे नाथाजींचा चुलतभाऊ, ज्याच्याशी त्यांचं शाळेपासून पटलं नव्हतं. मामाच्या मानाचा फेटा त्याच्या डोक्यावर होता आणि तो गरज नसताना सगळ्या मांडवातून फिरत होता.

"या, भाऊसाहेब!" तो म्हणाला. "मुहूर्ताची फाईल तुमच्या टेबलावर अडली काय?"

पाचपंचवीस माणसं हसली. रंगूबाई स्वयंपाकाच्या बाजूनं आली. रडून डोळे सुजले होते. ती भावाकडे गेली नाही. सरळ लीलाबाईंसमोर येऊन उभी राहिली. भोवती बाया जमल्या.

"वैनी," ती म्हणाली, "ह्या बारीलाबी? माझी पोर अर्धा तास पाटावर बसून ऱ्हायली. भटजी वरडाय लागला, तवा तिला उठिवली. म्या काय केलं हुतं तुमचं?"

लीलाबाईंचं तोंड उघडलं. वाटेत पंचवीस मैल त्यांनी हेच वाक्य घोकलं होतं. पण त्यांच्या आधी नाथाजी बोलले. कचेरीत बोलत तशा, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाणाऱ्या आवाजात.

"गाडीत पेट्रोल मी भरायला सांगितलं. गाडी डिझेलची होती."

मांडव हशानं फुटला. नवरदेवाकडची माणसं हसली, वाजंत्री हसले, कृष्णातचा फेटा हसून हसून सुटायला आला. "डिझेलच्या गाडीत पेट्रोल! उद्या म्हशीला पेंडीऐवजी फायली घालशीला!" कोणीतरी म्हणालं, "हेडक्लार्क हाय, त्याला निस्ती शाई कळती." नाथाजी मांडवाच्या खांबाजवळ उभे होते, कोट हातात, शर्टावर ढकलताना लागलेलं वंगण. जावळाच्या जेवणात ज्या माणसाला दाढ दुखते म्हणवलं नव्हतं, तो हे सगळं उभ्यानं ऐकत होता.

"वन्सं, नाही हो," लीलाबाई म्हणाल्या. "त्यांनी नाही. मी सांगितलं. मी वाचून—"

"गप बसा, वैनी." रंगूबाईनं त्यांचा हात धरला. सहा वर्षांनी धरला. "किती पांगरून घालशीला त्येच्यावर? तवाबी त्योच उठला पानावरनं आन आमी तुमाला बोल लावला. आज कळलं मला. चला, पानी प्या. तोंड कसं सुकलंय तुमचं."

"पण वन्सं, खरंच—"

"व्हय, व्हय. नवऱ्याची अब्रू राखावी बाईनं, पर इतकी न्हाई."

बायांनी लीलाबाईंना आत नेलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. एकजण म्हणाली, "सोन्यासारखी बाई, असल्या मान्सासंगं दिस काढती." लीलाबाईंनी आणखी दोनदा खरं सांगितलं. दोन्ही वेळा त्यांच्या पाठीवरून हात फिरला. रंगूबाईनं साडी उघडली, छातीशी धरली, वास आला असेल पण बोलली नाही. आतून लीलाबाईंना बाहेरचं दिसत होतं. नाथाजी शेवटच्या पंगतीत, आकारामच्या शेजारी, मान खाली घालून जेवत होते. जिलेबी संपली होती. बहिणीनं त्यांना वाढलं नाही, आणि निघताना पाया पडायला आलेल्या शालूला तिनं हाताला धरून भावजयीकडे वळवलं.

 परत येताना विटा मागे पडल्यावर लीलाबाई म्हणाल्या, "कशाला सांगितलंत तसं?"

नाथाजींनी मांडीवरच्या कोटाची घडी नीट केली. मग म्हणाले, "माझ्यावर रागावली तरी ती माझी बहीणच राहील. तुझ्यावर रागावली की तू परकी होतेस." आणि थोड्या वेळानं, "शिवाय पंचनाम्यात माझाही वेळ गेला."

त्यांच्या या हिशेबात एकच चूक झाली. रंगूबाई खरोखरच बहीण राहिली, पण लीलाबाईंची. दर पाडव्याला, दर दिवाळीला तिचं कार्ड येऊ लागलं, 'सौ. वैनींस' अशी सुरुवात करून. शालूला मुलगा झाला ते वैनींना, म्हशीला रेडकू झालं ते वैनींना. वर्ष गेलं, दोन गेली. कार्डात भावाचं नाव नसायचं. लीलाबाईंनी उत्तरात चार वेळा सगळी हकिगत लिहिली, पंपावरच्या म्हाताऱ्यापासून. उलट टपाली यायचं, 'वैनी, तुमचा सभावच तसा.'

कार्ड आलं की नाथाजी वर्तमानपत्र उघडून बसत. कार्डाला हात लावत नसत. पान उलटताना विचारत, "काय म्हणते?"

लीलाबाई खिडकीपाशी जाऊन, चष्मा लावून, सावकाश वाचायच्या. म्हैस, रेडकू, शालूचा मुलगा, पाऊस. मग कार्ड संपायचं. मग त्या किंचित थांबायच्या आणि त्याच आवाजात, त्याच चालीवर पुढे वाचायच्या, "दादाला शिरसाष्टांग नमस्कार सांगावा. त्याच्या तब्येतीला जपावे."

"बरं," नाथाजी म्हणायचे.

अकरा वर्षं अशी कार्डं आली. कार्ड रिकाम्या कपबशीशेजारी, हाताच्या अंतरावर पडलेलं असायचं. ते उचलून बघावं असं नाथाजींना एकदाही वाटलं नाही.